मिरचीच्या पोत्यातून गॅमा किरण जातात तेव्हा

नवी मुंबईत वाशीच्या सेक्टर २० मध्ये विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचं, म्हणजे ‘ब्रिट’चं, एक विकिरण केंद्र आहे. बाजार समितीचं मसाला मार्केट तिथून फार लांब नाही. २००० सालापासून या केंद्रात मिरची, हळद, धणे, मिरी असा माल बंद खोक्यांत आणि पोत्यांत येतो, जाड काँक्रीटच्या भिंतींच्या खोलीत शिरतो, आत कोबाल्ट-६० च्या कांड्यांसमोरून सावकाश फिरतो आणि बाहेर पडतो. पोतं कुठेही उघडलेलं नसतं. मिरचीचा रंग तोच, ठसका तोच. हात लावून पाहिला तर गरमही लागत नाही. पण आत जाताना तिच्यावर ग्रॅममागे लाखोंनी जिवाणू असू शकतात, आणि बाहेर येताना त्यातले बहुतेक संपलेले असतात.

उष्णतेने हे घडलं असतं तर नवल नव्हतं. पण हिशेब करून पाहा. मसाल्यांना ६ ते १४ किलोग्रे मात्रा द्यायची भारतात परवानगी आहे. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल ऊर्जा. १० किलोग्रे धरले तर किलोला दहा हजार ज्यूल झाले. एवढ्या ऊर्जेने एक किलो पाणी जेमतेम अडीच अंशांनी तापतं. मे महिन्याच्या उन्हात वाळत घातलेली मिरची याहून कितीतरी जास्त तापते आणि तिच्यावरचे जिवाणू त्या उन्हातूनही तगून राहतात. माणसाचा आकडा तर याहून चकित करणारा आहे. सगळ्या शरीराला एकदम चार-पाच ग्रे मात्रा बसली आणि उपचार मिळाले नाहीत, तर अशी सुमारे निम्मी माणसं दगावतात. त्या ऊर्जेने शरीराचं तापमान वाढतं ते एका अंशाच्या साधारण हजाराव्या भागाएवढं. इतक्या थोड्या ऊर्जेत इतका मोठा घात मावतो कसा? पदार्थविज्ञान आणि जीवशास्त्र यांच्या सीमेवर मला याहून सुंदर प्रश्न माहीत नाही.

उत्तर आहे ते ऊर्जा कुठे पडते यात. अणुभट्टीत साध्या कोबाल्ट-५९ च्या अणूने एक न्यूट्रॉन गिळला की तो कोबाल्ट-६० होतो. असे निम्मे अणू सव्वापाच वर्षांत निकेल बनून शांत होतात, आणि शांत होताना प्रत्येक अणू दोन गॅमा किरण सोडतो. एकाची ऊर्जा ११.७ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, दुसऱ्याची १३.३ लाख. रेणूंमधला एखादा रासायनिक बंध तोडायला मोजके इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. म्हणजे एकेका किरणाजवळ लाखो बंध मोडायची ताकद असते. तरीही अणूच्या गाभ्याला धक्का लावण्याइतकी ती नसते, म्हणून मिरची स्वतः किरणोत्सारी होत नाही. किरण एखाद्या इलेक्ट्रॉनला उडवून लावतो, तो इलेक्ट्रॉन वाटेत आणखी इलेक्ट्रॉन उडवत जातो आणि ऊर्जा सगळीकडे सारखी न पसरता ठिकठिकाणी ठिणग्यांसारखी सांडते. तापमान ही सरासरी आहे. ठिणगी पडते त्या जागी सरासरीला काही अर्थ उरत नाही.

पेशीत सगळ्यात जास्त असतं ते पाणी. त्यामुळे पुष्कळशा ठिणग्या पाण्यावरच पडतात. पाण्याचा रेणू फुटला की हायड्रॉक्सिल मूलक तयार होतं. ते काही अब्जांश सेकंद जगतं आणि तेवढ्यात दोन-चार नॅनोमीटर सरकतं. डीएनएच्या दुहेरी गोफाची जाडी आहे दोन नॅनोमीटर. म्हणजे गोफाच्या अगदी अंगाला लागून जन्मलेलं मूलकच त्याला गाठू शकतं. गाठलं की गोफाची एक बाजू कापली जाते. समोरासमोर दोन्ही बाजू कापल्या गेल्या तर गोफच तुटतो. एक ग्रे मात्रेला माणसाच्या एका पेशीत सुमारे हजार एकेरी काप पडतात आणि तीस-चाळीस दुहेरी. एकेरी काप पेशीला जड जात नाही, कारण समोरची बाजू शाबूत असते आणि तिच्यावरून डीएनएमधलं हरवलेलं अक्षर पुन्हा लिहिता येतं. दुहेरी काप मात्र जिवावर बेततो.

याच नवी मुंबईत, खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन आणि उपचार केंद्रात, गाठींवर हेच काप मोजूनमापून पाडले जातात. रोज साधारण दोन ग्रे, असं कित्येक आठवडे. दोन दिवसांच्या मधल्या वेळात निरोगी पेशी आपले काप सांधून घेतात, गाठीतल्या पेशींना ते तितकंसं जमत नाही, आणि सगळा उपचार या छोट्याशा फरकावर उभा असतो. वाशीच्या पोत्यांवर आणि खारघरच्या रुग्णांवर काम करणारं तत्त्व एकच आहे, हे या शहरात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं असं मला वाटतं.

आता एक साधा तर्क. काप कुठे पडेल हे नशिबाच्या हाती असेल, तर डीएनएचा धागा जितका लांब तितका तो लवकर कापला जाणार. या एका तर्काने महाराष्ट्रातली सगळी विकिरण केंद्रं एका रांगेत बसतात. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात २००२ पासून कांद्यावर विकिरण करता येतं. कोंब येऊ नयेत म्हणून कांद्याला साठ ते नव्वद ग्रे पुरतात, आणि कांद्याच्या पेशीतला डीएनए तर माणसाच्या पाचपट लांब, सुमारे १६०० कोटी अक्षरांचा आहे. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला किमान ४०० ग्रे द्यावे लागतात. २००७ मध्ये ही निर्यात पुन्हा सुरू झाली ती याच अटीवर. कोयीत दडलेला भुंगा एवढ्या मात्रेने लगेच मरेलच असं नाही. पण त्याची पुढची पिढी जन्मत नाही, आणि अमेरिकी अधिकाऱ्यांना तेवढंच हवं असतं. मसाल्यावरचे जिवाणू हजारो ग्रे मागतात, कारण त्यांचा धागा जेमतेम चाळीस-पन्नास लाख अक्षरांचा असतो. खाडीपलीकडे, मुंबईच्या बाजूला असलेल्या ट्रॉम्ब्याला, ‘आयसोमेड’मध्ये १९७४ पासून इंजेक्शनच्या सिरिंजा आणि शस्त्रक्रियेचं सामान निर्जंतुक केलं जातं. तिथली नेहमीची मात्रा २५ किलोग्रे.

हाच तर्क उलटा धरून कोणी धाग्याची लांबी मोजली असेल का? मोजली होती, आणि तीही दुहेरी गोफाची रचना कळायच्या आधी. ती गोष्ट सुरू होते १९२८ मध्ये, लंडनच्या फ्रेडरिक ग्रिफिथपासून. न्यूमोनियाच्या जिवाणूची एक जात उंदराला मारायची, दुसरी निरुपद्रवी होती. ग्रिफिथने मारक जातीचे जिवाणू तापवून मारले, ते निरुपद्रवी जिवंत जिवाणूंसोबत उंदराला टोचले, आणि उंदीर मेला. त्याच्या रक्तात मारक जातीचे जिवंत जिवाणू निघाले. मेलेल्याकडून जिवंताकडे काहीतरी गेलं होतं. ते काय, हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ओस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दाखवलं. तो डीएनए होता. जिवाणूने बाहेरचा डीएनए आत घेऊन आपला स्वभाव बदलण्याला ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. मराठीत आपण त्याला जनुकीय रूपांतरण म्हणू.

मग १९५२ मध्ये अर्नेस्ट पोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रूपांतर घडवणारा पदार्थ घेऊन त्यावर वेगवान कणांचा मारा केला. किती माऱ्याने त्याची रूपांतर घडवायची क्षमता जाते, यावरून त्यांनी त्या रेणूचा आकार काढला. कोणी न पाहिलेल्या वस्तूची लांबी, ती किती सहज मोडते यावरून. आणि मोडली की नाही याचा निवाडा कोणी दिला? जिवाणूंनी. डीएनए वाचता आला तर जिवाणू बदलले, नाही आला तर नाही बदलले. ही कल्पना मला विलक्षण वाटते. धागा कापला गेल्याचं रसायनशास्त्रही सांगू शकतं, पण कापल्यामुळे गोष्ट वाचायची राहिली का, हे वाचणाराच सांगू शकतो.

आज हा प्रयोग महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करता येण्याइतका सोपा झाला आहे. त्यासाठी प्लाझ्मिड लागतं. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य डीएनएपासून वेगळं, बंद कड्यासारखं छोटं डीएनए. सगळ्यात जुन्या आणि लाडक्या प्लाझ्मिडांपैकी एक आहे पीबीआर-३२२. ते १९७७ मध्ये तयार झालं. त्याची ४३६१ अक्षरं आहेत आणि त्यावर दोन प्रतिजैविकांना, अँपिसिलिन आणि टेट्रासायक्लिनला, दाद न देणारी दोन जनुकं आहेत. ताज्या प्लाझ्मिडचं कडं पिळावर पीळ बसून घट्ट झालेलं असतं. त्यावर गॅमा किरण सोडले आणि एकच एकेरी काप पडला, तरी सगळा पीळ एका क्षणात उलगडतो आणि कडं सैल होतं. दुहेरी काप पडला की कड्याची सरळ दोरी होते. अगारोजच्या जेलमधून वीज सोडली की तिन्ही रूपं वेगवेगळ्या वेगाने धावतात. पीळदार सगळ्यात पुढे, सरळ दोरी मध्ये, सैल कडं मागे. मात्रा वाढवत गेलं की पुढची पट्टी फिकट होत जाते आणि मागच्या पट्ट्या उजळतात. ४३६१ अक्षरांपैकी एका ठिकाणी पडलेला काप नुसत्या डोळ्यांना दिसतो. भाभा अणुसंशोधन केंद्रात अनेक वर्षं हे साधं जेल वापरून कोणता पदार्थ डीएनएला किरणांपासून वाचवतो याची चाचणी होत आली आहे.

पण जेल फक्त काप दाखवतं, परिणाम दाखवत नाही. म्हणून पुढची पायरी रूपांतरणाची. ई. कोलाय जिवाणू आपणहून असा डीएनए सहसा आत घेत नाहीत. त्यांना कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावात बर्फावर ठेवतात, प्लाझ्मिड मिसळतात, मिनिटभरासाठी ४२ अंशांवर नेतात आणि पुन्हा बर्फावर. या धक्क्यात थोड्या जिवाणूंच्या आत प्लाझ्मिड शिरतं. मग त्यांना अँपिसिलिन घातलेल्या बशीवर पसरायचं आणि रात्रभर थांबायचं. सकाळी बशीवर जितके पांढरे ठिपके, तितक्या वेळा एखादं प्लाझ्मिड कोणा जिवाणूला वाचता आलं.

इथे जेल आणि बशी यांचं जमत नाही, आणि इथेच खरी गंमत आहे. जेल म्हणतं, जवळजवळ सगळी कडी सैल झाली. बशी म्हणते, तरी ठिपके भरपूर आहेत. कारण एकेरी काप पडलेलं प्लाझ्मिड आत गेलं की जिवाणूची दुरुस्ती करणारी विकरं ते लगेच सांधतात. त्यांच्या लेखी ते बिघडलेलंच नसतं. दुहेरी कापाचं मात्र तसं नाही. मोकळं टोक दिसताच ई. कोलायमधलं रेकबीसीडी नावाचं विकर तिथून दोरी खात सुटतं. हल्लेखोर विषाणूचा डीएनएही असाच मोकळ्या टोकांचा येऊ शकतो, म्हणून हा पहारा आहे. सरळ दोरी झालेल्या प्लाझ्मिडांचे ठिपके शाबूत कड्यांच्या मानाने फारच थोडे होतात.

आणि काही ठिपके आणखी काही सांगतात. तेच जिवाणू टेट्रासायक्लिनच्या बशीवर नेले की त्यातले काही उगवतच नाहीत. अँपिसिलिनचं जनुक वाचलं होतं म्हणून ते जिवंत राहिले, पण दुसऱ्या जनुकात किरणाने एखादं अक्षर बदललं किंवा सांधताना तुकडा गळाला. एका जनुकाने जीव राखला आणि दुसऱ्याने साक्ष दिली. एवढ्याशा कड्याकडून इतकं काढून घेणारी ही रचना ज्यांना सुचली, त्यांचा मला हेवा वाटतो.

एक गोष्ट मसाल्याशी जोडून सांगायला हवी. शुद्ध पाण्यात विरघळलेलं प्लाझ्मिड फार थोड्या मात्रेत कापलं जातं, कारण तिथे मूलकांना गाठायला दुसरं काही नसतं. पेशीच्या आत मात्र प्रथिनं आणि इतर रेणूंची इतकी दाटी असते की बरीच मूलकं वाटेतच अडतात. सुक्या मिरचीत तर पाणीच कमी, म्हणून मूलकंही कमी. त्यातून मसाल्यावरचे बॅसिलस कुळातले जिवाणू बीजाणू करून बसलेले असतात. मात्रा हजारो ग्रेंच्या घरात जाते ती या सगळ्यामुळे.

याच बॅसिलस कुळातल्या बॅसिलस सब्टिलिसला बाहेरचा डीएनए आपणहून आत घेता येतो, हे जॉन स्पिझायझेन यांनी १९५८ मध्ये दाखवलं. मग विचार येतो: मेलेल्या जिवाणूंचा डीएनए मसाल्यात उरतोच, त्यातलं जनुक अजून वाचता येईल का? लांबीचाच हिशेब लावला तर उत्तर ‘बरेचदा, हो’ असं येतं. जिवाणूला मारायला त्याच्या चाळीस-पन्नास लाख अक्षरांच्या धाग्यात मोजके दुहेरी काप पुरतात, पण हजार अक्षरांच्या एकेका जनुकावर तसा काप पडण्याची शक्यता फार कमी. जिवाणूला मारणं आणि जनुक पुसून टाकणं ही वेगळ्या मापाची कामं आहेत. यात घाबरण्यासारखं काही नाही, आपण भाजी-भाकरीबरोबर रोज अब्जावधी जनुकं खातो आणि पचवतो. उलट मला चिंता वाटते ती दुसऱ्या वाटेची. जंतू मारायला इथिलीन ऑक्साइड वायू वापरला की त्याचे अंश मालात राहतात, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने त्याच कारणाने काही भारतीय मसाल्यांवर कारवाई केली. गॅमा किरण मालात असा अंश सोडत नाहीत. ही सोय हाताशी असताना आपले मसाले बंदरावरून परत यावेत, याचं मनापासून वाईट वाटतं.

लांब धागा लवकर तुटतो, आखूड उशिरा, हा नियम इथवर नीट चालला. १९५६ मध्ये अमेरिकेत ऑरेगनला आर्थर अँडरसन यांच्यासमोर तो मोडला. गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं डबाबंद मांस तरीही खराब झालं आणि त्यात एक लालसर जिवाणू सापडला. आज आपण त्याला डिनोकॉकस रेडिओड्युरान्स म्हणतो. त्याचा धागा सुमारे ३३ लाख अक्षरांचा, ई. कोलायचा ४६ लाखांचा. लांबीत फरक किती, तर दीडपटही नाही. पण ई. कोलायची संख्या दर दोन-तीनशे ग्रेंना दहा पटींनी घटते, आणि डिनोकॉकस पाच हजार ग्रे सोसून जवळजवळ सगळेच्या सगळे जगतात.

त्याच्या धाग्याला काप कमी पडत असतील, असा अंदाज कोणीही करेल. तो चुकीचा आहे. काप तितकेच पडतात, धाग्याचे शेकडो तुकडे होतात, आणि पुढच्या काही तासांत ते पुन्हा जोडले जातात. मायकेल डेली आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की या जिवाणूत मँगनीज भरपूर आणि लोह कमी असतं. मँगनीजच्या संयुगांमुळे त्याची प्रथिनं शाबूत राहतात. धागा तुटला तरी सांधणारे हात तुटत नाहीत. आणि सांधायला आधार म्हणून पेशीत त्याच धाग्याच्या चार ते दहा प्रती असतात. एका पोथीच्या चार प्रती वेगवेगळ्या ठिकाणी फाटल्या, तर एकीत जिथे फाटलं तिथे दुसरीत सलग ओळ सापडते आणि सगळ्या चिंध्या जुळवून पूर्ण पोथी उभी करता येते. मिरोस्लाव्ह रादमान यांच्या गटाने २००६ मध्ये ही जुळणी पायरीपायरीने उलगडून दाखवली. पृथ्वीवर हजारो ग्रे देणारी जागा निसर्गात नाही, मग ही कला आली कुठून? मॅटिमोर आणि बटिस्टा यांनी १९९६ मध्ये उत्तर सुचवलं, ते कोरडेपणाचं. वाळण्यानेही डीएनए तुटतो, आणि वाळूनही जगायला शिकलेल्या जिवाला किरणांचा मार नवा नव्हता.

आता सगळ्यात महत्त्वाचा धागा. हा डिनोकॉकस बाहेरचा डीएनए आपणहून आत घेतो. बेव्हन मोझली आणि जेन सेटलो यांनी १९६८ मध्ये त्याचं रूपांतरण दाखवलं. आत आलेल्या परक्या तुकड्याला आपल्या धाग्यात जागा शोधून देणारं प्रथिन आहे रेकए. किरणांनी तुटलेल्या आपल्याच तुकड्याला जुळणारी ओळ शोधून देणारं प्रथिनही रेकएच. परक्याचं घेणं आणि आपलं सांधणं हे जिवाणूच्या लेखी बरंचसं एकच काम आहे: तुकडा उचलायचा आणि तशीच अक्षरं कुठे आहेत ते शोधत जायचं. न्यूमोनियाच्या जिवाणूला, म्हणजे ग्रिफिथच्याच जिवाणूला, डीएनए बिघडवणारं रसायन दिलं की तो बाहेरचा डीएनए घ्यायला सज्ज होतो, हे २००६ मध्ये दिसलं. किरण आणि रूपांतरण हे दोन विषय पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. पेशीत त्यांची हत्यारं एकाच कपाटात आहेत.

वाशीहून खाडी ओलांडली की ट्रॉम्बे. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्रात श्री कुमार आपटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र कामाला लावल्या. त्यांनी साल्मोनेला टायफीचं फोन-एन नावाचं जनुक रूपांतरणाने डिनोकॉकसमध्ये घातलं. त्यातून बनणारं विकर फॉस्फेट सुटं करतं, आणि ते फॉस्फेट पाण्यातल्या युरेनियमला धरून त्याचा साका बनवतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार या जिवाणूंनी युरेनियमच्या विरळ द्रावणातून सहा तासांत ९० टक्क्यांहून जास्त युरेनियम खाली बसवलं. मग त्याच जिवाणूंना कोबाल्ट-६० चे सहा हजार ग्रे दिले, आणि त्यानंतरही ते युरेनियम साकळवत राहिले.